एकोणतीस तारखेची खूण

आमच्या प्रयोगशाळेत कासवांना नाव द्यायला बंदी होती. पाठीवर लाल नेलपॉलिशनं नंबर, बस्स. हा नियम नेलिदा बिदार्तचा. "नाव दिलं की लाड सुरू होतात, आणि लाड सुरू झाले की माणूस खोटं मोजतो," असं ती म्हणायची. मी तिथं सव्वीस वर्षं कासवं सांभाळली. पाणी बदललं, टाक्या घासल्या, कलेजीचे तुकडे भरवले. नेलिदाची पाठ वळली की मी एकोणीस नंबरला 'महापौर' म्हणायचे, कारण तो चालायचाच तसा, पोट पुढे काढून. नेलिदाला कळलं असतं तर तिनं मला आणि महापौरांना एकाच दिवशी रस्ता दाखवला असता.

नेलिदाचं काम नसांवर होतं. रक्ताच्या नसा नव्हेत; मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या त्या पांढऱ्या दोऱ्या. माणसाच्या पाठीच्या कण्यातली ती जाड दोरी तुटली की तुटली. आमच्या ओढ्यात सापडणाऱ्या कासवाची मात्र तुटली तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा वाढायला लागते आणि काही कासवं पुन्हा चालतात. सगळी नाही, काहीच. कोणती आणि का, एवढ्या एका प्रश्नावर नेलिदानं आपलं लग्न, आपल्या पोटाची तब्येत आणि मोन्तेविदेओतल्या उन्हाळ्याच्या सगळ्या चांगल्या दुपारी घालवल्या. फार काही हाती लागलं असं म्हणता येत नाही. परदेशी मासिकांत तिचे सात-आठ लेख आले, आणि गल्लीतला बेकरीवाला तिला कासवांची डॉक्टर समजून आपल्या नातीचं आजारी कासव दाखवायला आणायचा. एवढीच तिची कीर्ती.

पण मोजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पद्धत अशी: कोणत्या कासवाला औषध टोचलंय आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी, याची यादी मी करायची, पाकिटात घालून चिकटवायची आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवायची. मोजणाऱ्यानं काही माहीत नसताना कासव फळीवर सोडायचं आणि पावलं मोजायची. सगळं मोजून वहीत शाईनं उतरलं की मगच पाकीट फोडायचं. तोवर नेलिदासुद्धा आत डोकावत नसे. पाकिटं माझ्याकडे का, तर मला त्यातलं काही कळत नाही आणि मी बडबडी नाही, म्हणून. हे तिनंच मला तोंडावर सांगितलं होतं. मला राग आला होता, पण खोटं नव्हतं ते.

एक्क्याण्णव साली ग्वालबेर्तो नावाच्या आमच्या एका संशोधकानं, चांगला तिशीचा बाप्या, पाकीट खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. एकच नंबर बघितला असं तो आईची शपथ घेऊन सांगत होता. नेलिदानं त्याची दोन वर्षांची वही उचलली आणि त्याच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"अगं, आकडे खरे आहेत त्यातले," तो म्हणाला.

"असतीलही. पण आता ते तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही."

त्याला तिनं काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर कोरी वही ठेवली आणि येर्बाच्या कडू चहाचा पहिला पेला त्यालाच भरून दिला. त्या दिवसापासून ग्वालबेर्तो तिच्याशी मान खाली घालून बोलायचा.

बाई कडक होती हे सगळ्यांनाच दिसायचं. मला मात्र ती भित्री वाटायची. चांगलं उत्तर यावं असं जिला इतकं आतून वाटतं, तिचे डोळे तिलाच फसवतील, ही तिची भीती होती. कासवाला कोणाला खूश करायचं नसतं. म्हणून ती कासवांबरोबर निश्चिंत असायची.

तिचा धाकटा भाऊ दार्दो. खाडीपलीकडे सेर्रोत राहायचा, म्हाताऱ्या आईबरोबर, आणि गोमांसाच्या कारखान्यात हाडं वेगळी करायच्या पट्ट्यावर काम करायचा. एकवीस वर्षं. पुढचा अख्खा पाय त्याच्यासमोर लटकत आला की गप्पा मारता मारता तो त्यातलं हाड असं काढायचा की मांसाला कळायचंही नाही. स्वतःच्या चार सुऱ्या होत्या, मेणकापडात गुंडाळलेल्या. त्यांना आई सोडून कोणी हात लावायचा नाही. बहिणीला तो 'हडकुळे' म्हणायचा आणि ती त्याला 'जाड्या'. तेवढ्यात त्यांचं सगळं प्रेम बसायचं.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये त्याच्या शेजारच्या माणसाचा पाय ओल्या फरशीवर घसरला आणि सुरी दार्दोच्या उजव्या दंडात आतल्या बाजूनं, बगलेच्या जरा खाली, शिरली. रक्त थांबलं, जीव वाचला. हाताच्या नसा मात्र कापल्या गेल्या. डॉक्टर असेवेदोंनी त्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी ते नेलिदाला म्हणाले, "पुढचं तुम्हाला मी काय सांगणार? तुमचाच विषय."

खरंच तिचाच विषय होता. तिनं तो आईला आणि मला त्यांच्या स्वयंपाकघरात समजावून सांगितला, दार्दोचा निर्जीव हात टेबलावर उशीसारखा पसरून. कापलेली नस शिवली की टाक्यापासून पुढे नव्यानं वाढत जाते. दिवसाला एक मिलिमीटर, महिन्याला तीन सेंटीमीटर. टाक्यापासून पंजाच्या स्नायूंपर्यंत पन्नास सेंटीमीटर. म्हणजे सतरा महिने. आणि स्नायू नसेची वाट बघतात दीड वर्ष. त्यानंतर ते सुकून दोरखंड होतात, मग नस पोचली काय आणि न पोचली काय.

"म्हणजे एक महिना हाताशी आहे," दार्दो म्हणाला.

"हात आहे का तुला?" नेलिदा म्हणाली, आणि दोघंही खो-खो हसले. आई दोघांवरही चिडली.

असेवेदोंनी आणखी एक सांगितलं होतं. वाट अडू शकते. शिवणीजवळच्या वणात नस अडकली तर पुन्हा उघडायचं, पोटरीतल्या नसेचा तुकडा काढून मध्ये जोडायचा. पण ते सहा महिन्यांच्या आत. सहा महिन्यांत नस कोपरापर्यंत आलेली हवी. तोवर नाही आली तर वेळ घालवू नका, मला सांगा. कारखान्यानंही दार्दोची जागा दीड वर्षच धरून ठेवली होती. सगळ्यांचं घड्याळ एकच होतं.

नस कुठवर आली हे बघायची रीत जुनी आणि सोपी आहे. बोटानं हातावर टकटक करत जायचं. नसेचं टोक जिथं असेल तिथं वीज चाटून गेल्यासारख्या झिणझिण्या येतात. रोग्यानं 'इथं' म्हणायचं. हे रोग्याच्याच तोंडून कळतं, दुसरा उपाय नाही.

नेलिदानं दिवस ठरवला एकोणतीस तारखेचा. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी न्योकी करतात, बटाट्याच्या छोट्या गोळ्या, टोमॅटोच्या रश्श्यात, आणि ताटाखाली एक नोट ठेवतात, पुढचा महिना भरभराटीचा जावा म्हणून. एर्मेलिंदाबाई, म्हणजे त्यांची आई, न्योकी अशा करायची की दात लावायची गरज पडू नये. मी विधवा, एकटी, खाडीच्या त्यांच्याच बाजूला राहायला. म्हणून मलाही बोलावणं असायचं. जेवण झालं की नेलिदा पिशवीतून वही, शिंप्याची फीत आणि जांभळ्या औषधाची बाटली काढायची. टकटक, 'इथं', आणि तिथं जांभळा ठिपका. एर्मेलिंदाबाईला ताकीद होती, आंघोळीला हात घासायचा नाही.

एप्रिलची खूण शिवणीपासून दोन सेंटीमीटर. मेची पाच. जूनची आठ. एर्मेलिंदाबाईनं प्रत्येक खुणेला, दृष्ट लागू नये म्हणून, लाकडी टेबलावर तीन वेळा बोटं आपटली. जूनच्या तीस तारखेला नेलिदा प्रयोगशाळेत गुणगुणत आली. गुणगुणत! सव्वीस वर्षांत तेवढी एकदाच. मला तिनं विचारलं, "महापौर कसे आहेत?" म्हणजे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं.

जुलैच्या न्योकीला मी तापानं पडले होते. वहीत खूण अकरावर गेली होती.

ऑगस्टला मात्र होते. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा; बाहेर कडाक्याची थंडी, खिडक्यांना घाम आलेला. जेवणं झाली. नेलिदानं फीत लावली, मागच्या ठिपक्यापासून पुढे तीन सेंटीमीटर मोजले, तिथं बोट ठेवलं आणि टकटक केलं. आधी मोजलं, मग विचारलं. दार्दोची नजर हातावर नव्हतीच. तो बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. ती श्वास धरून थांबली होती, भुवया वर, ओठ उघडे, फुगा मागणाऱ्या पोरीसारखी.

"इथं," दार्दो म्हणाला.

मी कासवंवाली बाई, पण पाकिटं मी सांभाळत होते. मोजणाऱ्याला उत्तर माहीत असताना मोजलं तर काय होतं हे मला त्या बाईनंच शिकवलं होतं.

भांडी घासायला मी उठले आणि दार्दोला आवाज दिला, ताटं आणून दे म्हणून. डाव्या हातात ताटांची चळत धरून तो आला.

"तुला काही जाणवलं नाही ना आत्ता?" मी विचारलं.

"हळू बोल ना, बये."

"कधीपासून?"

"जूनचं खरं होतं. अगदी खरं. त्यानंतर जरा थांबलंय." त्यानं ताटं ओट्यावर ठेवली. "अगं, येईल पुढच्या महिन्यात. मी जरा आधी सांगतोय, एवढंच. तिचं तोंड बघितलंस ना? बाप गेल्यापासून असं तोंड मी बघितलं नाही तिचं. आणि पुन्हा चिरफाड मला नको. पोटरीतून नस काढणार म्हणे. एक हात गेलाय, आता पायही द्यायचा का यांना?"

"पुढच्या महिन्यात खरं सांगशील?"

"सांगतो. बटाट्याची शपथ," तो म्हणाला आणि मला डोळा मारला.

मी हसले. ते हसू मला अजून माफ करता येत नाही.

सप्टेंबरात सहा महिने भरले. न्योकीच्या दुसऱ्या दिवशी नेलिदानं प्रयोगशाळेतूनच असेवेदोंना फोन लावला. मी टाकी घासत होते, ती माझ्यापासून चार पावलांवर. वही उघडून तिनं आकडे वाचून दाखवले: दोन, पाच, आठ, अकरा, चौदा, सतरा. पुढच्या आठवड्यात कोपर ओलांडणार. पलीकडून असेवेदो काय म्हणाले ते तिनं फोन ठेवल्यावर सांगितलं. "म्हणाले, मग उघडायची गरज नाही. तुमच्याएवढं नीट मोजणारं आमच्याकडे कोणी नाही." तिला इतका आनंद झाला होता की तिनं मला मिठी मारली, माझे हात शेवाळानं बरबटलेले असताना.

मी काही बोलले नाही.

का, असं कोणी विचारलं तर मी पुष्कळ कारणं देते. मी कोण सांगणारी. दार्दोनं सांगावं. आणि काय सांगू, सप्टेंबरलाही 'इथं' म्हणताना त्यानं डोळे तिच्याकडे वळवले म्हणून? त्या वर्षी कासवांचा प्रयोगही फसला होता. पाकीट फोडलं तर औषधवाली कासवं आणि मीठपाण्याची कासवं सारखीच चालत होती, म्हणजे चार वर्षं पाण्यात. त्या दिवशी नेलिदानं यादी पाहिली, घडी घातली आणि म्हणाली, "दार्दोचा हात आहे ना." तिचं तेवढंच एक चाललं होतं. मी ते कसं मोडू? ही सगळी कारणं खरी आहेत. तरी मी गप्प बसले, हेही खरं आहे.

मग जांभळे ठिपके चालत राहिले. कोपर ओलांडून पुढच्या हातावर आले, महिन्याला तीन सेंटीमीटर, एक कमी नाही, एक जास्त नाही. जगातली कुठलीही नस इतकी शिस्तशीर वाढत नाही. कासवाची अशी ओळ ग्वालबेर्तोनं आणून दिली असती तर नेलिदानं त्याला उभा सोलला असता. भावाच्या वहीत ती ओळ बघून ती म्हणायची, "आमच्या घराण्याची नसच चिवट." मी ऐकायचे आणि न्योकी गिळायचे.

हात मात्र वहीप्रमाणे वागेना. बोटं मुडपणारे स्नायू कोपराखालीच असतात, म्हणून वहीप्रमाणे जानेवारीत दार्दोची बोटं मुडपायला हवी होती. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल उंचवटा बसला, तिथं वाटीसारखा खळगा पडला. पंजाच्या पाठीवर हाडांच्या मध्ये चर दिसायला लागले. नेलिदा तो हात धरून बसायची आणि मोठ्यानं स्वतःशी बोलायची: कातडीच्या नसा आधी पोचतात, स्नायूंच्या मागून येतात, होतं असं, पुस्तकांत आहे. दार्दो म्हणायचा, "येईल गं हडकुळे." त्याच्या थट्टेतला आवाज आता उतरला होता. एप्रिलपासून तो सुऱ्यांचं मेणकापड सोडून बघेनासा झाला, असं एर्मेलिंदाबाईनं मला सांगितलं. तिला वाटत होतं तो कंटाळलाय.

पंच्याण्णवच्या जूनमधला एक सोमवार. नेलिदा आली, कोट काढला नाही, सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि कोरं पाकीट पुढे ठेवलं.

"यादी कर. चोवीस ठोके, उलटसुलट क्रमानं. सहा ठोके नुसते टेबलावर, हाताला न लावता."

"कुठलं कासव?"

"दार्दो."

तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिनं आधीच ओळखलं होतं, मला वाटतं, बराच काळ. पण ओळखणं वेगळं आणि वहीत उतरणं वेगळं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

दुपारी दार्दो आला. त्याला कासवं धुवायच्या खुर्चीवर बसवलं आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला. ठोके मारायला नेलिदानं ग्वालबेर्तोला बोलावलं. तो पांढराफटक पडला. "मी?" तो म्हणाला. "मी नको, नेलिदा."

"तूच. तुला ठाऊक आहे बघितलं की काय होतं ते."

आणि नियमाप्रमाणे ती खोलीबाहेर गेली, दार लावून. काचेतून तिचा कोट दिसत होता, म्हणून मी काचेवर वर्तमानपत्र लावलं.

ग्वालबेर्तो ठोकत गेला, मी क्रमांक वाचत गेले आणि लिहीत गेले. पहिला ठोका मनगटावर. "इथं," दार्दो म्हणाला. दुसरा कोपराखाली. "इथं." तिसरा टेबलावर, त्याच्या हातापासून वीतभर लांब. "इथं," दार्दो म्हणाला, "चांगलंच झिणझिणलं." ग्वालबेर्तोनं माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं. चौथा, पाचवा, सगळीकडे इथं.

सहाव्याला तो थांबला. टॉवेलखालून त्यानं विचारलं, "नेलिदा आहे का खोलीत?"

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"बाहेर आहे. ऐकू जात नाही तिला."

टाकीतल्या पाण्याचा पंप तेवढा चालू होता. मग तो म्हणाला, "बरं. पहिल्यापासून घ्या."

आम्ही पहिल्यापासून घेतलं. मनगट: नाही. कोपराखाली: नाही. टेबल: नाही. पुढचा हात: नाही, नाही, नाही. शेवटून तिसरा ठोका दंडावर होता, कोपराच्या बराच वर. दार्दोचं अंग शहारलं. "इथं," तो म्हणाला. "हे इथं. इथंच आहे ते, बाबांनो. कधीचं."

मी फितीनं मोजलं. शिवणीपासून आठ सेंटीमीटर. जूनची खूण, मागच्या वर्षीच्या जूनची. एक वर्षापासून ती नस तिथं वणाशी डोकं आपटत बसली होती आणि आम्ही तिच्यापुढे तेहतीस सेंटीमीटर जांभळं औषध लावत गेलो होतो.

कागद मी बाहेर नेऊन दिला. नेलिदानं तो दोनदा वाचला. पहिले पाच 'इथं' खोडलेले नव्हते, नियमाप्रमाणे तसेच ठेवले होते, ते तिनं बोटानं दाखवले आणि मान हलवली. मग मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "ऑगस्टपासून."

"ऑगस्टपासून," ती म्हणाली. "म्हणजे मी असेवेदोंना फोन केला तेव्हा तू टाकी घासत होतीस."

"हो."

"तेव्हा वेळ होता, निबिया."

"हो."

ती ओरडली असती, थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली, दार्दोच्या डोळ्यांवरचा टॉवेल सोडला आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसली. तो तिच्याकडे बघेना.

"रागावू नकोस गं," तो म्हणाला. "तू इतकी आशेनं बघायचीस की नाही म्हणायला तोंडच उघडायचं नाही."

"तुझी काही चूक नाही, जाड्या," ती म्हणाली. "मी तुला विचारलंच नव्हतं. मी तुला सांगत होते." आणि मग ती रडली, त्याच्या त्या सुकलेल्या पंजावर कपाळ टेकून. ते त्यालाही कळलं नसावं, कारण त्या पंजाला काही कळत नव्हतं. ग्वालबेर्तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

त्याच आठवड्यात ते असेवेदोंकडे गेले. असेवेदोंनी हात तपासला, नेलिदाची वही बघितली, बंद केली. तुकडा जोडता येईल, म्हणाले, पण इथून पंजापर्यंत चौदा महिने, आणि स्नायूंपाशी राहिलेत तीन. नस पोचेल तेव्हा घरात कोणी नसेल. उगीच पोटरी कशाला कापायची? दार्दोनं विचारलं, "म्हणजे सुटलो?" आणि असेवेदोंनी वही नेलिदाकडे परत सरकवली. सप्टेंबरात दीड वर्ष भरलं आणि कारखान्यानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला.

आणि मी. त्या चोवीस ठोक्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर माझ्या कपाटाचं कुलूप काढलेलं होतं. पाकिटं ग्वालबेर्तोच्या कपाटात गेली होती. नेलिदानं मला एका शब्दानं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं मी तिथं काम केलं. ती माझ्याशी नीट बोलायची, वाढदिवसाला केक आणायची, महापौर मेला तेव्हा मला अर्ध्या दिवसाची रजा दिली. पण पाकीट पुन्हा माझ्या हातात आलं नाही. माझी सगळी पत त्या कपाटात होती.

एर्मेलिंदाबाईला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती ब्याऐंशी वर्षांची. दार्दो म्हणाला, मी सांगतो. नेलिदा म्हणाली, मी सांगते. असं करत जून-जुलैच्या खुणा सबबींवर टळल्या, ऑगस्टची एकोणतीस आली आणि मला नेहमीसारखा निरोप आला, न्योकीला ये. जावं की नाही याचा मी सकाळपासून विचार केला. शेवटी गेले, कारण न जाण्याचं कारण म्हातारीला काय सांगणार?

न्योकी तशाच होत्या, मऊ. ताटाखाली नोटा होत्या. दार्दो डाव्या हातानं जेवत होता, आता त्याला ते सफाईनं जमायचं. उजवा हात मांडीवर. नेलिदानं रश्श्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं, न बघता.

जेवणं झाली. एर्मेलिंदाबाईनं मेजावरचे पावाचे कण तळहातानं गोळा केले आणि म्हणाली, "काढ की गं तुझी बाटली. सतरा महिने झाले. तूच म्हणाली होतीस सतरा."

मी नेलिदाकडे बघितलं. आता सांगेल, मला वाटलं. खोटं मोजणाऱ्याची दोन वर्षं कचऱ्यात टाकणारी बाई होती ती.

नेलिदानं पिशवीतून बाटली काढली. फीत काढली. दार्दोनं डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, तळवा वर. तिनं मेच्या ठिपक्यापासून तीन महिन्यांचे नऊ सेंटीमीटर मोजले. बोट ठेवलं अंगठ्याच्या बुडाशी, त्या खळग्यात. टकटक केलं. आणि वर, भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"इथं?" तिनं विचारलं.

"इथं," दार्दो म्हणाला.

एर्मेलिंदाबाईनं लाकडावर तीन वेळा बोटं आपटली. "उद्या सुऱ्यांना धार लावून आणते," ती म्हणाली, आणि बशा गोळा करायला उठली.

नेलिदानं ठिपका लावला, बाटलीला बूच लावलं, फीत गुंडाळली. वही तिनं त्या दिवशी आणलीच नव्हती.